निर्मलाच्या नावावर

डाळिंबाच्या बागेचं पाणी तोडलं की थंडी आली असं मी धरतो, कॅलेंडर काही म्हणो. ठिबकच्या काळ्या नळ्या बघता बघता धुळीनं पांढुरक्या होतात. झाडांखालची माती आधी तडकते, मग पायाखाली चुरायला लागते. पानं हिरवी असतात तोवर काही जाणवत नाही. मग एका सकाळी व्हरांड्यात चहा घेऊन बसावं, तर समोरची अख्खी रांग पिवळी झालेली असते. वारा नसतानाही पान गळतं, आणि डाळिंबाचं पान इतकं लहान की ते पडल्याचं ऐकूही येत नाही. नुसतं झाडाच्या आरपार दिसायला लागतं. आधी विहीर दिसते, मग विहिरीपलीकडचा ऊस, मग त्याही मागचा रस्ता.

याला इकडे बाग ताणावर सोडणं म्हणतात. झाडाला उपाशी ठेवायचं, पानं झडू द्यायची, त्याला आपलं काही खरं नाही असं वाटेपर्यंत थांबायचं आणि संक्रांत सरल्यावर पाणी द्यायचं. मग झाड जीव खाऊन फुलतं, सगळी बाग एकदम. असा बहार धरला तर फळही एका वयाचं मिळतं. इंदापूर तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मला ते वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कळलं, आणि कळलं तेही बाग बिघडवून.

यंदाची बाग ताणावर आहे. साखर कारखाना सुरू झाला आहे, त्यामुळे वारा फिरला की मळीचा आंबूस वास घरात येतो, स्वयंपाकघरातल्या फोडणीतसुद्धा मिसळतो. उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर गाणी लावून जातात. गाणं आधी दुरून येतं, खिडकीच्या काचा थरथरवतं आणि वळणावर अर्ध्या ओळीत तुटतं. रस्त्यावर उसाची वाढी, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, पडलेली असतात, ती गोळा करायला शेरडांमागून बायका येतात. हे सगळं आता माझ्या ओळखीचं आहे. पण बाग पिवळी पडायला लागली की मी अजून त्या रांगांतून जायचं टाळतो. त्याचं कारण आजवर मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आम्ही पुण्याहून इथे आलो तेही असंच दिवाळी उलटल्यावर. टेम्पोत सामान मागे आणि पुढे ड्रायव्हरच्या शेजारी आम्ही दोघं. निर्मलाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, मांडीवर लोणच्याची बरणी होती. ती तिनं सामानात ठेवू दिली नव्हती. भिगवण मागे पडता पडता उजनीचं पाणी दिसलं. उन्हात नुसता पत्रा पसरल्यासारखं, कडेला काठ्या रोवाव्यात तसे लांब पायांचे पक्षी. त्या प्रवासात ती पहिल्यांदाच बोलली.

"इथे कोणी पोहतं का हो?"

"पोहत्यात की मावशी," ड्रायव्हर म्हणाला. "म्हशी."

मी मोठ्यानं हसलो. तीही थोडी हसली आणि बरणी सावरून बसली.

ती पन्नाशी उलटल्यावर पोहायला शिकली होती. पुण्यात रोज सकाळी बायकांच्या बॅचला जायची, ओले केस टॉवेलात गुंडाळून यायची, आणि दुपारपर्यंत घरात क्लोरीनचा वास असायचा. मला तो आवडत नसे. इथे आल्यावर हळूहळू तो तिच्या केसांतून गेला. कधी गेला ते माझ्या लक्षातही आलं नाही. पोहायचा पोशाख तिनं गाठोड्यात आणला होता, तो एकदा ट्रंक आवरताना हाती लागला. इलॅस्टिकची पूड झाली होती.

आम्ही इथे निर्मलाच्या गुडघ्यांसाठी आलो, असं आमचे सगळे नातेवाईक आजही सांगतात. कोरडी हवा, मोकळी जागा, जिने नाहीत. इथल्या लोकांनाही तेच ठाऊक आहे. ते खरं नाही. ते सांगायलाच हा लेख लिहायला बसलो आहे. पण आधी पाण्याचं सांगितलं पाहिजे.

लहान गावात नवीन माणसाला पहिले काही महिने ओळख नसते, नुसती चौकशी असते. कुणाच्यात आलाय, गाव कंचं, पोरं काय करत्यात. बाजारच्या दिवशी निर्मला मेथीची जुडी उचले तोवर तीन बायकांनी तिची चौकशी पूर्ण केलेली असे. दुपारी दोनला सगळी पेठ निजायची. अर्धी शटरं खाली, कुत्री सावलीला, आणि एसटी स्टँडवर एखादी म्हातारी पिशवीला टेकून बसलेली. त्या शांततेत मला पहिल्या दिवसापासून बरं वाटलं. निर्मला मात्र दुपारी रेडिओ लावायची, ऐकत नसली तरी.

आमचं भाड्याचं घर तात्यांच्या बागेला लागून आहे. तात्या आमचे घरमालक आणि शेजारी. तेव्हा साठीचे होते, धिप्पाड, आवाज असा की शेतातून घरात बोलायचे. मला साहेब म्हणायचे. मी पुण्यात कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढायचो, साहेब कधीच नव्हतो. पण मी त्यांना थांबवलं नाही.

त्या पहिल्या थंडीत तात्यांच्या पुतणीचं लग्न निघालं, बारामतीजवळ कन्हेरीला. सगळं घर तिकडे चाललं. जाताना तात्या व्हरांड्यापाशी थांबले.

"साहेब, बागंकडं जरा ध्यान असू द्या. शेरडं आत शिरत्यात."

"तुम्ही निर्धास्त जा," मी म्हणालो.

कुणीतरी माझ्यावर काही सोपवल्याला फार काळ लोटला होता. मी सकाळ-संध्याकाळ बागेतून फेऱ्या मारू लागलो. आणि फेऱ्या मारता मारता मला दिसलं, की झाडं वाळताहेत. पानं गोळा झालेली, फांद्या काटकुळ्या, माती कोरडी ठाक. लग्नाच्या गडबडीत तात्या पाणी द्यायला विसरले, असं माझ्या मनानं घेतलं. निर्मला म्हणाली, "त्यांना फोन करून विचारा ना." मी म्हणालो, "लग्नघरात कशाला त्रास?" खरं म्हणजे मला विचारायचं नव्हतं. बाग मी वाचवली, असं मला त्यांना परत आल्यावर सांगायचं होतं.

घराला पाणी त्याच विहिरीवरून असल्यानं मोटार चालू करणं मला येत होतं. दुपारी लाईट आली तशी मी मोटार लावली आणि घराकडच्या रांगांचं ठिबक सोडलं. थेंब पडायला लागले तसा मातीचा वास उठला. मी कितीतरी वेळ तिथे उभा होतो. त्या थंडीतला माझा सगळ्यात आनंदाचा तास तो होता, हेही लिहून टाकतो.

तात्या परतले ते पाव्हण्यांच्या जीपमधून थेट बागेच्या तोंडाशी उतरले. डोक्यावर अजून लग्नातला फेटा. झाडाखाली वाकले, माती चिमटीत घेतली, आणि घराकडे बघितलं. मी व्हरांड्यात पेपर वाचत होतो. निर्मला तांब्यानं तुळशीला पाणी घालत होती. तात्यांना तो तांब्या दिसला.

"वहिनी, बागंत पाणी तुमी सोडलं व्हय?"

निर्मलानं माझ्याकडे बघितलं. मी पेपर खाली घेतला नाही. ती बोलेल, म्हणून मी थांबलो. काय बोलेल याचा मी विचार केला नव्हता, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

"हो," ती म्हणाली. "बघवेना मला."

तात्या फेट्यासकट पायरीवर बसले. आधी त्यांचा चेहरा पडला, मग हळूहळू खांदे हलायला लागले.

"आवो वहिनी, मरत न्हाय त्ये झाड! उपास धरलाय त्यानं, उपास! आन तुमी त्याला भर दुपारचं जेवाय घातलं!"

त्या रांगांचा ताण मोडला. झाडं पानावर गेली, नुसती पालवी फुटली, फूल आलं तेही मागं-पुढं. त्या साली बागेच्या एका बाजूला फळ वेगळं तोडावं लागलं. तात्यांनी त्यावरून एक वाकडा शब्द काढला नाही. काढला असता, तर कदाचित मी बोललो असतो. त्यांनी त्याची गोष्ट केली.

पुण्यात माणसाला फ्लॅटचा नंबर मिळतो, इथे एक गोष्ट मिळते. ती गळ्यात पडली की पडली. निर्मला 'पाणीवाल्या काकू' झाली. दुधाच्या डेअरीवर, हळदीकुंकवात, दवाखान्याच्या बाकावर, सगळीकडे. कुणी आजारी झाडाचं बोललं की, "काकूंना बोलवा, जेवाय घालत्याल." ती गोष्ट प्रेमाची होती, यात शंका नाही. त्या गोष्टीमुळेच गावानं आम्हाला आपलं म्हटलं. पण त्या प्रेमात एक गोष्ट ठरून गेली: या बाईच्या हाती काही द्यायचं नाही. महिला मंडळानं शाळेपुढे झाडं लावली तेव्हा तिला हार आणायचं काम मिळालं.

आणि मी? मी ती गोष्ट सांगायला लागलो. आधी नुसता हसायचो, मग भर घालायला लागलो. पुण्याहून पाहुणे आले की हुरड्याला तात्या म्हणायचे, "साहेब, तुमी सांगा. तुमच्या तोंडातनं झ्याक लागतंय." आणि मी सांगायचो. तांब्या, तुळस, फेटा, उपास. निर्मलाचा आवाज काढून "बघवेना मला" म्हणायचो. लोक पोट धरून हसायचे. ती पाहुण्यांना चटणी वाढत असायची.

पाणी सोडणं ही चूक होती. गप्प बसणं हा भित्रेपणा होता. पण ते "बघवेना मला" तिच्या आवाजात म्हणणं, त्याला मला अजून शब्द सापडलेला नाही.

तात्या आता थकले. मुलगा लोणी देवकरच्या कंपनीत शिफ्टला जातो, त्यामुळे बाग सूनबाई बघते, सुनंदा. हसरी आहे, जिभेला धार आहे, आणि हाताखाली माणूस मिळत नाही म्हणून कायम घाईत. यंदा पाणी तोडल्यावर निर्मला तिला म्हणाली, "घराकडच्या रांगा मी बघू का? छाटणी, पाणी, फवारणीची वेळ. तू सांगशील तसं करीन. दुपार जात नाही माझी."

सुनंदा कमरेवर हात ठेवून हसली. "काकू, तुमच्या हातात व्हॉल्व्ह? मामंजी काठी घिऊन येत्याल माझ्या मागं!"

ओट्यावरच्या बायका हसल्या. निर्मलाही हसली. घरात आली आणि मी केलेला चहा तिनं घेतला नाही. "नको आत्ता," म्हणाली आणि खिडकीशी बसून राहिली. खिडकीतून त्याच रांगा दिसतात. इतक्या वर्षांत तिनं या गावाकडे स्वतःसाठी मागितलेली ती पहिलीच गोष्ट होती, आणि माझ्यामुळे ती तिला मिळाली नाही.

त्याच सुमाराला मंदारचा, आमच्या मुलाचा, फोन आला. तो पुण्यात असतो. त्याच्याच इमारतीत तळमजल्यावरचा फ्लॅट रिकामा होतो आहे, तुम्ही दोघं या, आईला विचारून सांगा, म्हणाला. मी तिथल्या तिथे म्हणालो, "तिला इथेच बरं वाटतं रे." निर्मला आत भाजी निवडत होती. फोन ठेवल्यावर माझं माझ्याच लक्षात आलं, की मी पुन्हा पेपर वर धरला होता.

मागच्या रविवारी दुपारी तात्यांकडे हुरडा होता. शेताच्या कडेला आगटी पेटलेली, गोवऱ्यांचा धूर जमिनीसरपट चाललेला. कणसं भाजून तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा, आणि गरम हिरवे दाणे लसणीच्या चटणीबरोबर तोंडात. कन्हेरीचे पाव्हणे आले होते, त्यात तात्यांच्या नात्यातली एक म्हातारी, आक्का. तात्यांनी तिला निर्मला दाखवली.

"आक्का, ह्याच त्या पाणीवाल्या वहिनी. सांगा साहेब, तुमीच सांगा."

सगळे माझ्याकडे वळले. हसायच्या तयारीत.

"पाणी मी सोडलं होतं," मी म्हणालो. "निर्मलानं नाही."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग आजवर कधी आलं नव्हतं एवढं हसू आलं.

"बघा, बघा!" सुनंदा म्हणाली. "काकांचा जीव किती हाय काकूंवर!"

"आमच्या म्हाताऱ्यानं असं येकदा तरी माझं वझं घितलं असतं तर," आक्का म्हणाली, आणि पुन्हा हसू उसळलं.

"मी खरं सांगतोय," मी म्हणालो. "ती तर मला फोन करून विचारा म्हणत होती."

"आसं व्हय?" तात्या डोळे मिचकावून म्हणाले. "मग सांगा बरं, कंचा व्हॉल्व्ह फिरवला?"

"विहिरीकडून तिसरा. त्याची मूठ तुटली होती. हातानं फिरेना, म्हणून स्कूटरच्या डिकीतली पकड लावली. प्लॅस्टिकवर पकडीचे दात उमटले."

तात्यांचं तळहातावर कणीस चोळायचं थांबलं.

"म्या म्हटलं उंदरानं कुरतडलं," ते हळूच म्हणाले. "म्याच बदलला त्यो व्हॉल्व्ह."

आगटीत एक गोवरी खचली. निर्मला पदराला चिकटलेला कोंडा एक एक करून काढत होती. वर बघत नव्हती.

"पाण्याचं जाऊ द्या वो," तात्या कणीस खाली ठेवून म्हणाले. साहेब म्हणाले नाहीत. "पर इतकी वर्सं आमी ह्या माउलीला हसलो. आमाला ठावं नव्हतं. तुमाला ठावं हुतं, आन तुमचंच हसू सगळ्यात मोठं."

मी मान खाली घातली.

आम्ही बांधावरून घरी आलो. ती पुढे, मी मागे. तिचे गुडघे दुखत होते, बांध उतरताना ती तिरकी होऊन उतरते. मला वाटलं होतं ती काहीतरी बोलेल. शेवटी मीच विचारलं, "बरं वाटलं का तुला?"

"कशाचं?"

"सांगून टाकलं त्याचं."

"पाण्याचं होय." ती थांबली आणि मागे वळली. "आणि गुडघ्यांचं?"

डॉक्टरांनी तिला पोहत राहायला सांगितलं होतं. एवढंच. या वयात इतका चांगला व्यायाम दुसरा नाही, सोडू नका, असं. कोरड्या हवेचा शब्दही त्यांनी काढला नव्हता. तो मी काढला. निवृत्त झाल्यावर पुण्यात मला कुणी काही विचारेनासं झालं होतं. सोसायटीच्या बैठकीत मी बोलायला लागलो की लोक मोबाईल बघायचे. अशात एका ओळखीच्या माणसाबरोबर मी या गावात येऊन गेलो. स्टँडवर एका अनोळखी माणसानं मला हात जोडून "साहेब, बसा की" म्हटलं, आणि मी तिथेच ठरवलं. एवढंसं कारण होतं. ते कुणाला कसं सांगणार? मग मी गुडघे पुढे केले. निरोपाच्या जेवणाला तिच्या बहिणीनं तिला विचारलं होतं, "तुला खरंच जायचंय?" आणि तिच्याआधी मी उत्तर दिलं होतं, "अगं, हिच्यासाठीच तर चाललोय."

"त्या दिवशी तू तात्यांना हो का म्हणालीस?" मी बांधावरच विचारलं.

"एक माझ्या नावावर आधीच होतं. त्यात आणखी एक." तिनं खांदे उडवले. "आणि तुम्ही पेपरमागे लपला होतात. नव्या गावात आपला नवरा असा कुणाला दिसावा, असं वाटलं नाही मला."

ती रागावून बोलली असती तर सोपं गेलं असतं.

दोन दिवसांनी सुनंदा आली, दारातूनच म्हणाली, "काकू, घराकडच्या रांगा तुमी बघा. संक्रांत झाली की पाणी सोडू, तवा या. पर काकांना मोटारीपाशी फिरकू देऊ नका!" डेअरीवर मला आता 'पाणीवालं काका' म्हणायला लागले आहेत. मी मुकाट्यानं ऐकून घेतो. निर्मला रोज सकाळी बागेत जाते, फांद्या हातात घेऊन बघते, सुनंदाला काहीबाही विचारते. दुपारचा रेडिओ बंद आहे.

काल संध्याकाळी मंदारचा पुन्हा फोन आला. फ्लॅटचं काय करायचं? मी म्हणालो, "आईशी बोल," आणि फोन तिच्या हातात दिला. ती उभ्यानंच बोलली.

"मला यायचंय," ती म्हणाली. "पण आत्ता नाही. बहार माझ्याकडे आहे. आषाढात फळ उतरलं की येते. तोवर फ्लॅट थांबला तर थांबला, नाहीतर दुसरा बघू." मग तिकडून त्यानं काहीतरी विचारलं. "बाबांचं त्यांना विचार," म्हणाली, फोन माझ्या हातात ठेवला आणि परसदारी निघून गेली.

"बाबा?" मंदार म्हणाला. "तुमचं काय? आईच्या गुडघ्यांना तिथली हवा चांगली म्हणून गेलात ना तुम्ही? मग आता अचानक..."

"गुडघ्यांचं मी खोटं सांगितलं होतं," मी म्हणालो. "इथे यायचं मला होतं. तिला नव्हतं."



"हे आईला माहीत आहे?" त्यानं विचारलं.

"तिलाच माहीत होतं," मी म्हणालो.